आळशी नव्हे, आजारी : डॉ. चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स



१० फेब्रुवारी जवळ आला की आपल्या शाळांमध्ये जंतनाशक गोळ्यांचा डबा येतो. आपण हजेरीपट घेऊन बसतो, एकेक मूल पुढे येतं, गोळी समोरच चावून खातं, आणि आपण नावापुढे खूण करतो. २०१५ पासून हे चाललंय. खरं सांगायचं तर पहिली दोन-तीन वर्षं मी हे काम म्हणजे आणखी एक अहवाल, एवढंच समजून केलं. गोळीचं नाव अल्बेंडॅझोल, १ ते १९ वयोगट, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी. एवढी माहिती पाठ होती. पण मुळात ही कल्पना कुणाची? मुलांना दवाखान्यात बोलावण्यापेक्षा औषधच शाळेत न्यावं, हे कुणाला सुचलं? हे शोधायला लागले तेव्हा एका माणसाच्या आयुष्याशी गाठ पडली. आज त्यांच्याबद्दलच लिहिते आहे.

त्याआधी एक कबुली. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिसरीत. पहिल्या तासालाच डोकं बाकावर टेकायची. मैदानावर गेलो की सावलीत जाऊन बसायची. पाढे म्हणताना आवाज निघायचा नाही. मी तिला सगळ्या वर्गासमोर आळशी म्हणायचे. एकदा नाही, कितीदा तरी. मुलंही मग तेच म्हणू लागली. वर्षाच्या शेवटी आरोग्य तपासणी झाली तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून मला दाखवल्या. आतली बाजू पांढरीफटक. अंगात रक्तच नव्हतं हो. पुढच्या तपासणीत पोटात जंत निघाले. मी खाली मान घालून उभी होते. ज्यांची गोष्ट मी सांगणार आहे, त्यांनी हीच चूक एका अख्ख्या प्रदेशाच्या नजरेतून काढून टाकायचा प्रयत्न केला, म्हणून मला ते इतके जवळचे वाटतात.

चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स यांचा जन्म १५ मे १८६७ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या स्प्रिंग व्हॅली या गावी झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. मुलाला मात्र ओढ प्राण्यांची, आणि तीही अशा प्राण्यांची की ज्यांचं नाव घेतलं तरी लोक नाक मुरडतात. तरुणपणी ते शिकायला युरोपात गेले. तेव्हा जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात रुडॉल्फ लॉइकार्ट नावाचे प्राध्यापक होते. दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात राहून त्याच्यावर जगणारे जे परोपजीवी, त्यांच्या अभ्यासात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. स्टाइल्स यांनी त्यांच्या हाताखाली १८९० मध्ये डॉक्टरेट मिळवली. म्हणजे नावामागचं ‘डॉ.’ हे प्राणिशास्त्राचं होतं, औषधोपचाराचं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती त्यांना फार नडली.

परत आल्यावर त्यांना सरकारी नोकरी मिळाली ती पशुपालन खात्यात. गुरं, मेंढ्या, कुत्रे यांच्या पोटातले जंत काढून त्यांची नावं, जाती, सवयी यांची नोंद करायची. दहा-अकरा वर्षं हे काम त्यांनी केलं. याच काळात वॉशिंग्टनमध्ये ते वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना व्याख्यानं देत. त्यात एक मुद्दा ते हटकून घेत : अशक्त, फिकट पडलेला रोगी समोर आला आणि कारण सापडत नसलं, तर त्याच्या विष्ठेत अंकुशकृमीची अंडी शोधा.

अंकुशकृमी म्हणजे ज्याला आपण आता सर्रास हुकवर्म म्हणतो तो. पालकांसाठी थोडं सोपं करून सांगते. आपण जंत म्हटलं की पांढरा, गांडुळासारखा लांब गोल जंत डोळ्यांपुढे येतो. तो वेगळा. हुकवर्म जेमतेम एक सेंटिमीटरचा, शिवणकामाच्या दोऱ्याच्या तुकड्याएवढा. तो आतड्याच्या आतल्या अस्तराला तोंडाने चिकटतो आणि रक्त पितो. एक जंत किती पिणार? थेंबभरही नाही. पण शंभर-दोनशे जंत रोज पीत राहिले, तेही वर्षानुवर्षं, आणि मुलाच्या ताटात पुरेसं अन्न नसलं, तर काय उरणार! मूल फिकं पडतं, पोट पुढे येतं, खांद्यांची हाडं मागे पंखांसारखी दिसू लागतात, नजर शून्यात लागते. काही मुलं तर माती खायला लागतात.

आणि हा जंत शरीरात शिरतो कसा, तर बहुतेक वेळा पायातून. उघड्यावर शौचाला बसलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी जमिनीवर पडतात. ओलसर, सावलीतल्या, भुसभुशीत मातीत त्यातून अळ्या निघतात. त्या मातीवर कुणी अनवाणी चाललं की बोटांच्या बेचक्यातून अळी कातडीत घुसते. तिथे खाज सुटते. पुढे रक्तातून फुफ्फुसात, तिथून घशात, तिथून गिळली जाऊन आतड्यात. हा विचित्र प्रवास कळला तोही अपघातानेच. इजिप्तमध्ये काम करणारे आर्थर लूस नावाचे जर्मन संशोधक होते, त्यांच्या हातावर अळ्या असलेलं पाणी सांडलं, हाताला खाज सुटली, आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच विष्ठेत अंडी सापडली. आणखी एक महत्त्वाचं : हा जंत पोटात पिल्लं घालून वाढत नाही. पोटातला प्रत्येक जंत बाहेरूनच आलेला असतो. त्यामुळे औषधाने पोट साफ केलं तरी मूल पुन्हा त्याच मातीत अनवाणी गेलं, की गाडी मूळपदावर.

युरोपात हा जंत माहीत होता. अमेरिकेत मात्र तो जवळपास नाहीच, अशी डॉक्टरांची समजूत होती. १८९९ मध्ये पोर्तो रिको बेटावर बेली ॲशफर्ड या लष्करी डॉक्टरने रक्तक्षय झालेल्या शेतमजुरांच्या विष्ठेत याची अंडी शोधून काढली. स्टाइल्स यांची शंका बळावली. त्यांच्याकडे नमुने येऊ लागले. युरोपातल्या जंताच्या तोंडात आकड्यासारखे दात असतात, याच्या तोंडात पात्यासारख्या पट्ट्या दिसल्या. म्हणजे जात वेगळी. १९०२ मध्ये त्यांनी ही नवी जात म्हणून जाहीर केली. पुढे तिचं नाव झालं नेकॅटर अमेरिकॅनस, म्हणजे अमेरिकेतला मारेकरी. नावात अमेरिका असली तरी हा जंत मूळचा तिथला नाही, गुलामांच्या जहाजांबरोबर तो आफ्रिकेतून आला, असं नंतर मानलं गेलं. आपल्या देशातही हाच जंत आहे.

त्याच वर्षी स्टाइल्स सार्वजनिक आरोग्य खात्यात आले आणि सूक्ष्मदर्शक बरोबर घेऊन दक्षिणेकडच्या राज्यांत फिरायला निघाले. खाणी पाहिल्या, वीटभट्ट्या पाहिल्या. अपेक्षेप्रमाणे काही सापडेना. मग रेताड जमिनीच्या शेतवस्त्यांकडे वळले, आणि तिथे घरंच्या घरं सापडली. आई-बाप, पोरं, सगळीच फिकट, सगळीच थकलेली.

इथे थोडं थांबून अमेरिकेचा तो दक्षिण भाग समजून घ्यायला हवा. यादवी युद्धात हरलेला, कापूस पिकवणारा, गरीब प्रदेश. तिथल्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यांबद्दल देशभर एक ठरलेलं मत होतं : ही माणसं जातीचीच आळशी. काम नको, शाळा नको, दिवसभर ओसरीत बसून राहायचं. त्यांच्यावर विनोद होते, त्यांना हिणवणारी नावं होती. काळ्या लोकांबद्दल तर याहून वाईट बोललं जाई. पिढ्यानपिढ्या चालत आलेलं हे मत एका सूक्ष्मदर्शकाने खोटं पाडलं. स्टाइल्स यांचं म्हणणं साधं होतं. या माणसांच्या स्वभावात खोट नाही, रक्त कमी आहे.

डिसेंबर १९०२ मध्ये वॉशिंग्टनला एका परिषदेत त्यांनी हे मांडलं. तिथे न्यूयॉर्कच्या एका दैनिकाचा बातमीदार बसला होता. दुसऱ्या दिवशी बातमी आली : आळसाचा जंतू सापडला! झालं. देशभर हसू झालं. व्यंगचित्रं निघाली. कुणी म्हणे आमच्या कारकुनालाही हाच जंतू झालाय, कुणी म्हणे सासऱ्याला तपासून घ्या. दक्षिणेतल्या लोकांना तो आपल्या प्रदेशाचा अपमान वाटला. गंमत बघा, जो माणूस सांगत होता की हे लोक आळशी नाहीत, त्याच्याच नावावर आळसाचा शिक्का बसला. त्यात डॉक्टर मंडळी म्हणू लागली, हा तर मेंढ्यांचे जंत मोजणारा, याने आम्हाला वैद्यकी शिकवू नये. पण एक आहे. त्या चेष्टेमुळे हुकवर्म हा शब्द घराघरात पोचला. साध्या शास्त्रीय निबंधाने ते कधीच झालं नसतं.

पुढची सहा वर्षं त्यांनी हाच एक धोशा लावला. वैद्यक परिषदांत, शाळांत, चर्चमध्ये, जिथे बोलावतील तिथे. औषध तर हातात होतंच. ते कोणतं, हे वाचून मला स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याचा डबा उघडावासा वाटला!

ते औषध म्हणजे थायमॉल. काष्ठौषधीच्या दुकानात ‘ओव्याची फुलं’ म्हणून पांढरे स्फटिक मिळतात, कापूर आणि पुदिन्याच्या फुलांबरोबर घालून ज्याचा अमृतधारा करतात, तेच हे. ओव्याचा जो उग्र वास आपल्याला येतो तो त्याचाच. त्या काळी जगात वापरला जाणारा बराचसा थायमॉल भारतातून जहाजाने गेलेल्या ओव्यापासून जर्मनीत काढला जाई. तिथून तो डबीबंद होऊन अमेरिकेत. आपल्या आज्या पोटदुखीवर ओवा आणि जंतावर वावडिंग देत आल्यात. त्या ओव्यातलं सत्त्व समुद्रापार इतक्या मुलांच्या पोटातले जंत पाडत होतं, हे मला कुठल्याच पुस्तकात शिकवलं गेलं नव्हतं.

पण थांबा, हे वाचून कुणी घरी प्रयोग करू नका. थायमॉलचा उपचार सोपा नव्हता. आदल्या रात्री जेवण हलकं, मग एप्सम सॉल्ट, म्हणजे जुलाबाचं विलायती मीठ, देऊन पोट रिकामं करायचं. सकाळी उपाशीपोटी थायमॉलच्या कॅप्सुलांचा अर्धा भाग, दोन तासांनी उरलेला अर्धा. मग पुन्हा जुलाबाचं मीठ. थायमॉल जंताला गुंगवतो आणि त्याची पकड सोडवतो, मीठ त्याला बाहेर काढतं. त्या दिवशी लोणी, तेल, दूध, दारू यातलं काही पोटात जाता कामा नये, कारण थायमॉल त्यात विरघळतो, मग तो आतड्यात न राहता रक्तात उतरतो आणि विषासारखा चढतो. मात्रा वयावर आणि अंगलटीवर ठरायची. एवढं करून एका वेळेला सगळे जंत पडतीलच असं नाही, आठवड्याने पुन्हा तेच. आपल्या आजच्या गोळीशी तुलना करा. अल्बेंडॅझोल चावून खाल्ली की झालं. ती जंताच्या पेशींमधली बारीक नळ्यांची रचनाच तयार होऊ देत नाही, त्यामुळे जंताला साखर शोषून घेता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. ज्या मुलाच्या पोटात जंत जास्त त्याला थोडी मळमळ, पोटदुखी होते, तेवढ्यावरून पालक घाबरतात. थायमॉलच्या दिवसाची कल्पना केली की आपण किती सुखात आहोत ते कळतं.

आता १९०८. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रामीण जीवनाची पाहणी करायला एक आयोग नेमला होता, आणि स्टाइल्स त्यांच्याबरोबर आगगाडीने दक्षिणेत फिरत होते. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका स्टेशनात गाडी थांबली. फलाटावर एक वाकडातिकडा, फिकट माणूस उभा. उत्तरेकडच्या एका सदस्याने विचारलं, हा कोण? त्याच प्रदेशात जन्मलेल्या वॉल्टर पेज या संपादकांनी सांगितलं की हा इथला गरीब गोरा. स्टाइल्स मध्ये पडले. त्यांनी सांगितलं की ही गरिबी नव्हे, हा हुकवर्मचा रोगी आहे, आणि अर्ध्या डॉलरच्या औषधात तो बरा होईल. पेज थक्क झाले. ज्यांना लहानपणापासून पाहत आलो, ज्यांच्याबद्दल मनातल्या मनात शरम वाटत आली, ती माणसं आजारी होती! मला हा प्रसंग वाचताना बाकावर डोकं टेकलेली ती मुलगी आठवली.

पेज यांच्या ओळखीने स्टाइल्स यांची गाठ तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांच्या सल्लागारांशी पडली. सूक्ष्मदर्शकाखालची अंडी, आधीचे आणि नंतरचे फोटो, सगळं त्यांनी पुढे ठेवलं. ऑक्टोबर १९०९ मध्ये रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर दिले आणि हुकवर्म निर्मूलनासाठी आयोग स्थापन झाला. मुदत पाच वर्षं.

मात्र कारभाराची सूत्रं स्टाइल्स यांच्याकडे आली नाहीत. ते शास्त्रीय सचिव झाले आणि प्रशासकीय सचिव झाले विक्लिफ रोझ. हे रोझ कोण? डॉक्टर नव्हेत, टेनेसीतले प्राध्यापक. शिक्षणक्षेत्रातला माणूस! आणि मला वाटतं त्यामुळेच ही मोहीम मोहिमेपेक्षा शाळेसारखी चालली. स्टाइल्स स्पष्टवक्ते, जरा तुसडेच. मुद्दा पटला नाही की समोरच्याला तिथेच सुनावणार. रोझ मऊ बोलणारे, प्रत्येक राज्याच्या आरोग्य खात्याला पुढे करून आपण मागे राहणारे. दोघांची गरज होती. एकाशिवाय रोग कळला नसता, दुसऱ्याशिवाय लोक आले नसते.

लोकांना आणणं तर सगळ्यात कठीण. दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की उत्तरेचा श्रीमंत आम्हाला आजारी ठरवतोय. एका बिशपनेही विरोध केला. अफवा काय उठली म्हणाल, तर रॉकफेलरला आता चपला-बुटांचा धंदा काढायचाय, म्हणून अनवाणी चालू नका असं सांगत फिरताहेत! जंतनाशक दिवसानंतर आपल्या पालकांच्या मोबाईलवर फिरणारे निरोप आठवा. शंभर वर्षांत अफवेचा फक्त रस्ता बदलला.

मग ठिकठिकाणी फिरते दवाखाने भरू लागले. अमुक दिवशी अमुक गावात, असं आधी जाहीर करायचं. लोक घोडागाड्या जुंपून, भाकरतुकडा बांधून, पोराबाळांसकट यायचे. जणू जत्राच. एका मेजावर बाटल्यांत ठेवलेले जंत, दुसऱ्यावर सूक्ष्मदर्शक. ज्याला पाहायचं त्याने डोळा लावून आपल्याच पोटातली अंडी पाहायची. भाषणापेक्षा ह्याचा परिणाम जास्त झाला. शाळांमध्ये शिक्षक छोट्या डब्या वाटत, मुलं घरून नमुना आणत, तो प्रयोगशाळेत जाई. शिक्षकच धडा घेत, फळ्यावर अळीचा प्रवास काढून दाखवत. नमुना आणण्याच्या कामाला मुलं किती हसली असतील, ते आपल्याला सांगायला नको!

अकरा राज्यांत मिळून साधारण साडेपाच लाख ग्रामीण मुलांची तपासणी झाली. शंभरातल्या जवळपास चाळीस मुलांना लागण होती. चाळीस! वर्गात पन्नास मुलं असतील तर वीस. चार लाखांहून जास्त लोकांना औषध मिळालं. मागाहून शिक्षकांनी, पालकांनी सांगितलेल्या हकिगती नोंदवल्या गेल्या : मुलं शाळेत नियमित येऊ लागली, खेळू लागली. फार पुढे, २००७ मध्ये, होयट ब्लीकली या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या जनगणनांचे आकडे तपासले. जिथे हुकवर्म जास्त होता त्याच भागांत या मोहिमेनंतर शाळेतली उपस्थिती आणि साक्षरता जास्त वेगाने वाढल्याचं, आणि ती मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाईही वाढल्याचं त्याला दिसलं.

स्टाइल्स मात्र समाधानी नव्हते. त्यांचा सगळा जोर संडासावर. आयोगाने अडीच लाख ग्रामीण घरं पाहिली तेव्हा निम्म्याहून जास्त घरांना कसलाच संडास नव्हता. औषधाने आज पोट साफ कराल, परसातली माती तशीच राहिली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच, हे ते सांगत राहिले. लम्सडेन आणि रॉबर्ट्स या दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी घरच्या घरी, पिंपांपासून बनवता येईल असा स्वस्त संडास तयार केला. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन त्याला एल.आर.एस. संडास म्हणत. मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव संडासाला! त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. अर्थात व्हायचं तेच झालं. औषध देणं लवकर होतं, फोटो निघतो, आकडा वाढतो. संडास बांधणं हळू आणि भांडणाचं काम. आयोगाच्या नावात निर्मूलन हा शब्द होता, पण पाच वर्षांनी काम आवरलं तेव्हा निर्मूलन झालेलं नव्हतं. पुढची कित्येक वर्षं जंत तिथे राहिला.

त्यांच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. त्या काळी दक्षिणेतल्या कापडगिरण्यांत लहान मुलं राबत होती, आणि ते बंद व्हावं म्हणून चळवळ चालू होती. स्टाइल्स यांनी सरकारसाठी गिरणी कामगारांची पाहणी केली आणि मत दिलं की शेतावरच्या मुलांपेक्षा गिरणीतली मुलं बरी, कारण गिरणी वस्तीत निदान संडास तरी आहेत. बालमजुरीविरुद्ध लढणारे लोक भयंकर चिडले, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. आयुष्यभर एकच शत्रू पाहत राहिलेल्या माणसाला दुसरा शत्रू दिसेनासा होतो, तसं काहीसं झालं असावं. काळ्या लोकांबद्दलही त्यांच्या लिखाणात त्या काळचे पूर्वग्रह आहेतच. रोग पसरवणारे म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं, तेवढ्या तळमळीने त्यांच्यावर उपचार झाले नाहीत.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. भारतातला ओवा जर्मनीला जाणं थांबलं, थायमॉल दुर्मीळ आणि महाग झाला. मग चिनोपोडियम नावाच्या रानटी वनस्पतीचं तेल वापरात आलं. १९२१ मध्ये मॉरिस हॉल या दुसऱ्या सरकारी पशुशास्त्रज्ञाने कार्बन टेट्राक्लोराइड हे औषध पुढे आणलं. तेही यकृताला घातक निघालं, आणि काही वर्षांत त्याची जागा त्याच्याच जवळच्या दुसऱ्या रसायनाने घेतली. अल्बेंडॅझोल यायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. दरम्यान रॉकफेलर यांच्या संस्थेने हे काम अमेरिकेबाहेर नेलं होतं, आणि १९२० च्या दशकात हुकवर्मची मोहीम आपल्याकडे मद्रास इलाख्यातही येऊन पोचली. जिथून ओवा गेला त्या देशात उपचाराची पद्धत उलट वाटेने आली.

स्टाइल्स १९३१ पर्यंत सरकारी नोकरीत राहिले. उतारवयातही त्यांचा विषय सुटला नाही. शौचखड्ड्यातली घाण जमिनीखालच्या पाण्याबरोबर किती लांब जाते आणि शेजारची विहीर कधी बिघडते, याचे प्रयोग त्यांनी नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर केले. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे ते कित्येक वर्षं सचिव होते. अल्बर्ट हॅसल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी परोपजीवींवर जगात जे जे छापलं गेलं त्याची सूची बनवली. एकेका कार्डावर एकेक नोंद, अशी हजारो कार्डं. निवृत्तीनंतर फ्लोरिडातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रही शिकवलं. २४ जानेवारी १९४१ रोजी बाल्टिमोरमध्ये त्यांचं निधन झालं.

ती मुलगी आता सातवीत आहे. दर सहा महिन्यांनी गोळी घेते, घरी संडास झालाय आणि शाळेत येताना पायात चप्पल असते. परवा मैदानावर लंगडीत तिने माझ्या वर्गातल्या चौघांना बाद केलं. मी तिच्या आईला भेटून त्या तिसरीच्या वर्षाबद्दल बोलले. तिला स्वतःला अजून सांगितलेलं नाही.